दवाखाना महापालिकेचाच हवा

गोवंडीचे शताब्दी रुग्णालय आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंडमधले रुग्णालय खासगी भागीदारीत चालवायला देण्याचा घाट मुंबई महापालिकेने घातला, तेव्हा २०२५ मध्ये तिथले रहिवासी आणि पालिका कामगारांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. त्या दिवसांत आपल्या काही तरुण वाचकांनी मला विचारले की, आपल्या चळवळीने यात पडायचे कारण काय? एकाने लिहिले, "खासगीवाले आले तर निदान लिफ्ट चालेल, संडास साफ राहतील." दुसऱ्याने विचारले, "सर, हा मुस्लिम प्रश्न आहे का?" दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. माझे मत आधीच सांगतो: ही रुग्णालये महापालिकेनेच चालवली पाहिजेत. आणि हो, हा मुस्लिमांचाही प्रश्न आहे, पण आपल्या समाजात ज्या अर्थाने हा शब्द वापरला जातो त्या अर्थाने नाही.

आधी जागा समजून घ्या. गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, बैंगनवाडी हा सगळा पालिकेचा एम-पूर्व विभाग. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. म्हणजे महाराष्ट्रातल्या कित्येक 'मोठ्या' शहरांपेक्षा जास्त. शहराचा कचरा १९२७ पासून देवनारला येतो. शहरात रस्ते रुंद झाले, नाले मोकळे झाले, पूल बांधले गेले, की तिथली माणसे उचलून इथल्या पुनर्वसन इमारतींत आणून ठेवली गेली. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात चोवीस विभागांत एम-पूर्व तळाला होता. 'डॉक्टर्स फॉर यू' आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासात लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंडमधल्या एकमेकींना चिकटून उभ्या इमारतींत क्षयाचे प्रमाण जवळच्याच, जरा मोकळ्या पीएमजीपी कॉलनीच्या कितीतरी पट आढळले. ऊन आणि वारा घरात शिरत नाही, म्हणून माणूस खोकत राहतो. असा हा भाग. इथे मोठे आजारपण आले की लोक घाटकोपरच्या राजावाडीला किंवा सायनला धावतात. इथल्या रुग्णालयात खाटा वाढवायच्या, डॉक्टर भरायचे, आयसीयू चालवायचा, ही मागणी वर्षानुवर्षांची आहे. त्या मागणीला उत्तर म्हणून निविदा आली.

ती कोणत्या काळात आली तेही लक्षात ठेवा. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. २०२५ मध्ये सभागृहच नव्हते. ज्या नगरसेवकाच्या दारात जाऊन "आमचा दवाखाना का विकताय?" असे विचारायचे, तो नगरसेवकच अस्तित्वात नव्हता.

"विकत नाही आहोत, भागीदारी करतो आहोत," असे अधिकारी सांगतात. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. इमारत आणि जमीन पालिकेचीच राहते. चालवणारी संस्था मात्र खासगी. खाटांचे दोन भाग होतात: काही खाटा पालिकेच्या दरातल्या, बाकीच्या बाजारभावाच्या. ही कल्पना मुंबईची नाही. नीती आयोगाने जानेवारी २०२० मध्ये जिल्हा रुग्णालये खासगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडण्याचा मसुदा काढला होता. त्यातही काही खाटा नियंत्रित दराच्या आणि काही बाजाराच्या अशीच विभागणी होती. कागदावर वाईट दिसत नाही. गरिबाला खाट मिळते, पालिकेचा खर्च वाचतो, कंपनीला नफा होतो. सगळे खूश.

पण आज शताब्दीच्या खिडकीवर काय घडते ते बघा. बाई येते, केसपेपर काढते, रांगेत बसते. तिला कोणी विचारत नाही की ती टक्केवारीतली आहे की बाजारातली. तिचे रेशन कार्ड पिवळे की केशरी, हे ओपीडीच्या दारात ठरत नाही. ती आली, आजारी आहे, एवढे पुरते. भागीदारीत हीच बाई प्रथम एक कोटा बनते. तो भरला असेल तर "खाट नाही". आणि तो भरला आहे की नाही, याचा हिशेब ज्याच्याकडे असतो, त्याचा नफा तिच्या खाटेमुळे कमी होत असतो. त्या माणसाला वाईट म्हणायची गरज नाही. तो चांगला असला तरी महिन्याच्या शेवटी त्याला ताळेबंद दाखवायचा असतो.

टक्केवारीचे हे राज्य महाराष्ट्राने आधीच पाहिले आहे. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातले कलम ४१ कक आणि २००६ ची मुंबई उच्च न्यायालयाची योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. ज्यांनी आपल्या कुणासाठी ही खाट मिळवायचा प्रयत्न केला आहे, त्यांना उरलेली गोष्ट सांगायला नको. उत्पन्नाचा दाखला, तहसीलदार, समाजसेवा अधिकारी, "उद्या या", आमदाराचे पत्र. मी स्वतः एका नातेवाइकासाठी तीन दिवस अशा एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर बसलो होतो. नियमाची प्रत माझ्या हातात होती आणि समोरचा माणूस शांतपणे म्हणत होता की खाटा भरलेल्या आहेत. २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने गर्भवतीकडे दहा लाखांचे डिपॉझिट मागितल्याचा आरोप झाला, ती बाई वाचली नाही, आणि राज्यभर संताप उसळला. त्यानंतर या नियमांची पुन्हा एकदा उजळणी झाली. नियम होतेच. ते अमलात आणणे ज्याच्यावर सोपवले होते, त्याला त्यात रस नव्हता.

मुंबईपुरते बोलायचे तर सेव्हन हिल्सची कहाणी प्रत्येक तरुणाने वाचली पाहिजे. अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये पालिकेने आपली जमीन २००५ च्या करारानुसार एका खासगी कंपनीला दीड हजार खाटांचे रुग्णालय बांधायला दिली. वीस टक्के खाटा पालिकेसाठी राखीव. इमारत उभी राहिली, काचेची, दिमाखदार. पण ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या खाटा झाल्या नाहीत. पालिकेशी वाद सुरू झाले. कंपनीवर बँकांचे कर्ज चढले आणि मार्च २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मग प्रश्न आला, हे रुग्णालय आता कोणाचे? धनको बँका एका नव्या गुंतवणूकदाराच्या हाती ते सोपवायला निघाल्या. पालिका म्हणाली, जमीन आमची आहे. प्रकरण कंपनी कायदा न्यायाधिकरणातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले की पालिकेच्या संमतीशिवाय तिच्या जमिनीबाबतची अशी योजना मंजूर करता येणार नाही. जमीन वाचली.

या लढाईत बँका होत्या, गुंतवणूकदार होता, पालिकेचे वकील होते. वीस टक्के खाटांवर ज्यांचा हक्क होता ते अंधेरी-कुर्ल्याचे रुग्ण त्यात कुठेही नव्हते. दिवाळखोरीच्या कायद्यात धनकोंची यादी असते, तिच्यात "खाट मिळायला हवी होती तो रुग्ण" असा रकाना नसतो. पुढे मार्च २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा पालिकेने हीच इमारत ताब्यात घेतली, तिथे आपले डॉक्टर, आपल्या सिस्टर, आपले वॉर्डबॉय पाठवले, आणि ते शहरातल्या सर्वांत मोठ्या कोविड रुग्णालयांपैकी एक झाले. खासगी कंपनीला जे वर्षानुवर्षे जमले नाही, ते पालिकेने संकटात उभे केले. त्याच वर्षी मे महिन्यात राज्य सरकारला खासगी रुग्णालयांतल्या ऐंशी टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखाली घ्याव्या लागल्या आणि त्यांचे दर बांधून द्यावे लागले. मला हा प्रसंग विसरता येत नाही, आणि धोरण ठरवणारे तो इतक्या लवकर कसे विसरले याचे आश्चर्य वाटते.

या शहराचा जुना प्रवाह नेमका उलटा होता. जे.जे. रुग्णालय १८४५ मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून आणि कंपनी सरकारच्या पैशातून झाले. केईएमला जोडलेल्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या देणगीदारांनी अट घातली होती की तिथे शिकवणारे सगळे भारतीय असावेत. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या काळात ही अट म्हणजे एक राजकीय विधानच होते. डॉ. नायर यांच्या दानातून उभे राहिलेले रुग्णालय १९४६ मध्ये महापालिकेकडे आले. पारशी, गुजराती, दाक्षिणात्य अशा धनिकांनी दिलेली मालमत्ता सगळ्या शहराची झाली, आणि आज त्याच नायरमध्ये मदनपुरा, आग्रीपाडा, भायखळ्याचे लोक जातात. दाता कोण, कुठल्या धर्माचा, हे तिथे कुणी विचारत नाही. दान सार्वजनिक झाले की ते उपकार राहत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: हा मुस्लिम प्रश्न आहे का?

रमजान जवळ आला की तुमच्या फोनवर जे मेसेज येतात ते आठवा. किडनीचा रुग्ण, मुदतीपूर्वी जन्मलेले बाळ, अपघातात सापडलेला तरुण. खाली रुग्णालयाचे अंदाजपत्रक, त्याखाली खाते क्रमांक आणि "ज़कात क़ाबिल-ए-क़बूल". मीही पैसे पाठवतो, तुम्हीही पाठवता, आणि ते थांबवा असे मी अजिबात म्हणत नाही. कर्जात बुडालेल्याला सोडवणे हा तर ज़कातच्या आठ मसारिफ़पैकी एक आहे. फक्त हिशेब एकदा मांडून बघा. चार लाखांची बचत असलेल्या माणसाची वर्षाची ज़कात होते दहा हजार. खासगी आयसीयूचे सहा लाखांचे एक बिल म्हणजे अशा साठ माणसांची वर्षभराची ज़कात. ती एका रुग्णालयाच्या काउंटरवर, एका आठवड्यात जमा झाली. साठ मुलींची फी, साठ विधवांचे शिवणयंत्र त्या पावतीत गेले. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत देशभरातला सरासरी खर्च असा आला होता: सरकारी रुग्णालयात एकदा भरती व्हायला ४,४५२ रुपये, खासगीत ३१,८४५ रुपये. सातपट. सरकारी खाट कमी झाली की हा फरक कोणीतरी भरतोच. आपल्या मोहल्ल्यात तो आधी दागिन्यांतून जातो, मग व्याजाच्या कर्जातून, शेवटी ज़कातमधून.

म्हणजे जो खर्च राज्याने आपल्याच करातून करायचा, तो आपण दानातून करतो आणि वर "क़ौम किती दिलदार आहे" असे म्हणून समाधान मानतो. आपल्या नेत्यांचाही यात दोष आहे. ट्रस्टचे छोटे रुग्णालय, ॲम्ब्युलन्स, मोफत तपासणी शिबिर यांच्या उद्घाटनाला सगळे हजर असतात. शताब्दीत भूलतज्ज्ञ किती, त्यांतली किती पदे रिकामी, हे विचारायला वॉर्ड ऑफिसात कोण जातो? शिबिरात रक्तातली साखर तपासून मिळते, चांगली गोष्ट आहे. पण पुढची वीस वर्षे रोजची गोळी शिबिर देत नाही. माझी खाला साठीच्या पुढची आहे. दर महिन्याला ती पालिकेच्या दवाखान्यात जाऊन मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्या आणते. तिला पॅकेज नको आहे, ऑपरेशन नको आहे. तिला ती खिडकी उघडी हवी आहे.

म्हणूनच "विमा आहे ना" हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, पाच लाखांपर्यंत. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ पासून आहे. या योजनांमुळे कित्येकांचे हृदयाचे ऑपरेशन झाले, त्यांना मी नावे ठेवणार नाही. कार्ड काढून ठेवा, सगळ्यांनी. पण विमा चालतो तो ठरावीक उपचारांच्या यादीवर आणि बहुतांशी भरती झाल्यावर. खोकला दोन महिने झाला म्हणून थुंकी तपासायची, गरोदर सुनेला दर महिन्याला दाखवायचे, खालाच्या गोळ्या, हे सगळे त्या यादीबाहेर. शिवाय सरकारकडून बिले थकली की खासगी रुग्णालये हात आखडता घेतात. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या खासगी डॉक्टरांच्या संघटनेने थकबाकीसाठी आयुष्मानचे रुग्ण घेणे बंद केले. कार्ड लोकांच्या खिशात होते, दार बंद होते. सरकारी रुग्णालय असे करू शकत नाही. तिथे औषध संपेल, यंत्र बिघडेल, डॉक्टर रजेवर असेल, पण "आमचे पैसे आले नाहीत म्हणून तुम्हाला घेत नाही" असे ते म्हणू शकत नाही.

का म्हणू शकत नाही, यात माझ्या मते या प्रश्नाचे मर्म आहे. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये एक मुस्लिम शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार. त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांत नेले, कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी तो खासगीत गेला, पैसे खर्चून वाचला. त्याची मजूर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की तातडीचे उपचार न देणे हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. त्या मजुराला पंचवीस हजारांची भरपाई मिळाली. सरकारी रुग्णालयांनी त्याला हाकलले, हे खरेच. पण त्यांच्यावर दावा ठोकता आला तो ती सरकारी होती म्हणून.

आपल्यासाठी याचा आणखी एक अर्थ आहे. धर्मावरून भेदभाव करू नये असे कलम १५ मध्ये राज्याला बजावले आहे. एप्रिल २०२० आठवतो? तबलीगच्या बातम्यांनी सगळे वातावरण विषारी झाले होते, आणि मेरठमधल्या एका खासगी कॅन्सर रुग्णालयाने चक्क वर्तमानपत्रात जाहिरात देऊन मुस्लिम रुग्णांनी कोरोना निगेटिव्ह असल्याचा पुरावा घेऊनच यावे असे छापले. पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. सरकारी रुग्णालये धुतल्या तांदळासारखी होती असे नाही. अहमदाबादच्या सिव्हिलमध्ये धर्मानुसार वॉर्ड वेगळे केल्याच्या बातम्या त्याच महिन्यात आल्या, सरकारने त्याचा इन्कार केला. आजही बुरख्यातल्या बाईला प्रसूती वॉर्डात ऐकावे लागणारे टोमणे तुमच्या आईने, बहिणीने ऐकले असतील. मात्र सरकारी वॉर्डात असा टोमणा ऐकला तर आपण घटना पुढे करू शकतो, माहिती अधिकार वापरू शकतो, सभागृहात प्रश्न विचारायला लावू शकतो, न्यायालयात जाऊ शकतो. खासगी ऑपरेटरकडे गेलो की आपण तक्रार करणारे ग्राहक होतो, तेही पैसे न देणारे. ज्या समाजाला दारातून परत पाठवले जाण्याची भीती इतरांपेक्षा जास्त आहे, त्याने ज्या दारावर आपला घटनात्मक हक्क आहे ते दार हातचे का जाऊ द्यावे?

आता त्या संडास आणि लिफ्टच्या प्रश्नाकडे. तो हलका नाही. सरकारी रुग्णालयाचे हाल मी सजवून सांगणार नाही. एका खाटेवर दोन रुग्ण, जमिनीवर गाद्या, "हे औषध बाहेरून आणा" ची चिठ्ठी, एमआरआयला काही महिन्यांनंतरची तारीख, रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरच्या डोळ्यांवरची झोप. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बाळे होती. त्याच्या दोनच महिने आधी कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात अठरा. या बातम्या वाचून कोणाला वाटेल की घ्या, द्या एखाद्या कंपनीला. माझे म्हणणे एवढेच की कारणे वाचा. पदे रिकामी, औषधखरेदी रखडलेली, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून सगळे रुग्ण एकाच ठिकाणी पाठवलेले. हे खर्च न केल्याचे परिणाम आहेत. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये ठरवले होते की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करायचा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या काळातही, तो १.८४ टक्के होता. आधी उपाशी ठेवायचे, मग अशक्त आहे म्हणून दुसऱ्याच्या घरी द्यायचे!

औषधांचेच घ्या. तमिळनाडूने १९९४ मध्ये सरकारी खरेदी महामंडळ काढले, साठा आणि गोदामे नीट लावली, आणि आज देशभर त्याचे उदाहरण दिले जाते. ती खासगी कंपनी नाही, सरकारीच आहे. महाराष्ट्राने असे प्राधिकरण काढायला २०२३ साल उजाडले.

आणि खासगी आले की दर्जा सुधारतो, याला पुरावा काय? इंग्लंडमध्ये १९४८ पासून सार्वजनिक आरोग्य सेवा आहे आणि २०१२ च्या कायद्यानंतर तिथली कामे नफ्याच्या कंपन्यांना देण्याचे प्रमाण वाढले. तिथे नोंदी चोख असतात, म्हणून तिथला अभ्यास उपयोगी पडतो. ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २०२२ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' मध्ये दाखवले की ज्या भागांत असे आउटसोर्सिंग वाढले, तिथे पुढच्या वर्षी, उपचाराने टाळता येण्यासारखे मृत्यूही वाढलेले दिसतात. २०१४ ते २०२० या काळात ५५७ जादा मृत्यूंचा संबंध त्यांनी याच्याशी जोडला. संबंध म्हणजे सिद्ध कारण नव्हे, हे त्यांनीच म्हटले आहे. पण श्रीमंत देशात, कडक देखरेखीखाली ही अवस्था असेल, तर ज्या पालिकेला सेव्हन हिल्सवर लक्ष ठेवता आले नाही ती मानखुर्दवर ठेवील?

एक गोष्ट निविदेत कधीच येत नाही. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडीत गोवराची साथ आली, लहान मुले दगावली. ती साथ रुग्णालयाच्या खाटेवर आटोक्यात आली नाही. पालिकेच्या आरोग्य सेविका गल्लोगल्ली फिरल्या, ताप आणि पुरळ असलेली मुले शोधली, लसी टोचल्या. काही घरांनी दार लावून घेतले. मग मशिदींतून आवाहने झाली, उलेमांनी समजावले, आपल्यातल्या काही मुलामुलींनी त्या सेविकांबरोबर चकरा मारल्या. रुग्णालय, आरोग्य केंद्र, सेविका, लस, नोंदवही ही एकच साखळी असते म्हणून हे जमले. खासगी ऑपरेटरच्या करारात खाटा, ओपीडी आणि शस्त्रक्रिया मोजल्या जातात. रफी नगरच्या तिसऱ्या गल्लीत न टोचलेले मूल शोधून काढायचे पैसे त्याला कोणी देत नाही.

म्हणून या लढ्यात आपण "मुस्लिमांचे रुग्णालय वाचवा" असे म्हणत उतरू नये. ज्या वॉर्डात आपण राहतो तिथल्या बौद्ध वस्त्या, उत्तर भारतीय कामगार, मराठी पुनर्वसित कुटुंबे, कोळी यांच्याबरोबर, रुग्ण आणि करदाते म्हणून उतरावे. पालिकेच्या कामगार संघटनांशी आपला संबंध कमी आहे, तो वाढवावा. कंत्राटी सफाई कामगार आणि सिस्टर यांच्या मागण्या आपल्याच आहेत, कारण वॉर्ड तेच चालवतात. जन आरोग्य अभियानासारखे गट महाराष्ट्रात बरीच वर्षे हा विषय लावून धरत आहेत. त्यांच्या बैठकांना जा, चार खुर्च्या मागे बसून ऐका. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. त्यात त्रुटी आहेत, पण कायदा आहे. महाराष्ट्रात त्याची मागणी कोणत्या आमदाराने लावून धरली, हे मतदानाआधी विचारा.

आणि ज्यांना आजच काही करायचे आहे त्यांच्यासाठी: दहा रुपयांच्या शुल्कात माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. शताब्दी असो किंवा तुमच्या शहरातले पालिका रुग्णालय, डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती, ते मागा. खासगी भागीदारीचा प्रस्ताव असेल तर निविदेची, करारनाम्याच्या मसुद्याची आणि खर्चाच्या अंदाजाची प्रत मागा. मोफत खाटांची नोंद कोण ठेवणार, ती रोज दर्शनी भागात लावणार का, कंपनी बुडाली किंवा सोडून गेली तर दुसऱ्या दिवशी रुग्णालय कोण चालवणार, हे लेखी विचारा. उत्तर आले की आम्हाला पाठवा, आले नाही तर पहिल्या अपिलाची तारीख वहीत लिहून ठेवा. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, औरंगाबाद, सोलापूर, जिथून येतील तिथली उत्तरे आम्ही मराठी आणि उर्दूत छापू.